लवणासुराला उल्केच्या दावणीला बांधू नका

बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर-लोणार पट्ट्यातल्या हरिनाम सप्ताहांत हल्ली एक नवा दृष्टान्त हमखास ऐकू येतो. "दैत्यसूदनानं, म्हणजे विष्णूनं, लवणासुर मारला म्हणजे काय झालं? तर आकाशातून उल्का पडली! आपल्या ऋषींनी ते विज्ञान कथेत बांधून ठेवलं. गोऱ्यांना आत्ता कळलं, आपल्याला हजारो वर्षांपासून माहीत होतं." मंडपात टाळ्या पडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर एखादे निवृत्त गुरुजी चहाचा कप खाली ठेवत बजावतात, "या सगळ्या भाकडकथा. दैत्यसूदनाचं देऊळ बघायचं तर कोरीव काम बघा, बाकीचं विसरा." जून २०२० मध्ये लोणारच्या विवरातल्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हापासून तर या वादाला ऊतच आला आहे. तो रंग मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा होता असं तपासणीत निघालं. पण तोवर कुणी लवणासुराचं रक्त वर आणलं होतं आणि कुणी देवभोळ्यांची टिंगल करून घेतली होती.

मला हे दोन्ही पक्ष सारखेच चुकलेले वाटतात, आणि दोघांची चूकही एकच आहे. दोघे कथेला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करून एकच प्रश्न विचारतात: "उल्का पडताना तू पाहिलीस का?" एकाच्या मते पाहिली, म्हणून ती थोर. दुसऱ्याच्या मते पाहिली नाही, म्हणून ती खोटी. कथेला ज्या गोष्टी खरोखर ठाऊक आहेत त्या मात्र कुणी विचारत नाही. हे तीर्थ कसं झालं, इथल्या खारावर कोण जगलं, देऊळ कुणासाठी उभं राहिलं, याबद्दल ती पुष्कळ बोलते. लोणारची दंतकथा हा भूगर्भशास्त्राचा पुरावा नाही आणि कचराही नाही. तो इतिहासाचा पुरावा आहे, फक्त तो वाचण्याची रीत वेगळी आहे.

आधी कथा पूर्ण सांगू, कारण वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ती पूर्ण येते. स्कंदपुराणाच्या नावावर सांगतात ती अशी: लवणासुर जमिनीखालच्या विवरात राहत होता. वर झाकण होतं, त्यामुळे त्याचा ठावठिकाणा देवांनाही लागेना. तो बाहेर येऊन सगळा मुलूख नासवायचा. देवांनी विष्णूला साकडं घातलं. विष्णूनं देखण्या तरुणाचं रूप घेतलं, असुराच्या दोन बहिणींना भुलवलं आणि त्यांच्याकडून भावाची जागा काढून घेतली. मग पायाच्या अंगठ्यानं झाकण उडवलं आणि आत झोपलेल्या असुराला मारलं. झाकण जाऊन पडलं धाकेफळला. तिथली टेकडी म्हणजेच ते झाकण, असं म्हणतात. विवराचं सरोवर झालं, आणि पाण्यातला खार त्या असुराच्या देहाचा. विष्णूला नाव पडलं दैत्यसूदन.

आता उल्कावाद्यांची जमेची बाजू आधी मान्य करू. इथे खोल, गोल खड्डा आहे हे कथेला माहीत आहे. पाणी खारं आहे हेही माहीत आहे. काहीतरी प्रचंड जोरानं उडून लांब जाऊन पडलं, असंही ती सांगते, आणि आघातात दगडमाती खरोखरच तशी उधळते. शिवाय लोककथा हजारो वर्षांपूर्वीची घटना सांभाळतच नाहीत, असंही नाही. अमेरिकेतल्या ऑरेगॉनमध्ये माझामा नावाचा ज्वालामुखी सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी फुटून खचला आणि तिथे तळं झालं. तिथल्या क्लामाथ लोकांच्या कथेत डोंगराखालचा देव आणि आकाशातला देव लढतात आणि शेवटी डोंगर कोसळतो. त्या राखेच्या थराखाली माणसांची विणलेली पायताणं सापडली आहेत, म्हणजे बघायला माणूस तिथे होता. मग लोणारलाच काय झालं?

अडचण काळाची आहे. लोणारच्या विवराचं वय एका पद्धतीनं सुमारे ५२,००० वर्षं येतं. पुढे आर्गॉन पद्धतीनं केलेल्या मोजणीत ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. हा दुसरा आकडा धरला तर आपल्यासारखा माणूस तेव्हा पृथ्वीवर कुठेच नव्हता, मग कथा सांगितली कुणी? पहिला धरला तरी माझामाच्या जवळजवळ सातपट काळ होतो. आणि एक विचारू का? देवाच्या पराक्रमाची तारीख शास्त्रज्ञांच्या निबंधावर टांगायची ठरवलीत, तर ५२ हजारांचे पावणेसहा लाख झाले तेव्हा कीर्तनात दुरुस्ती केली होती का? उद्या तिसरा आकडा आला तर पुन्हा करणार का?

दुसरी अडचण दिशेची. उल्का वरून खाली येते. कथेत वरून काहीच पडत नाही. असुर खाली आहे, झाकण खालून वर उडतं. सगळ्या प्रसंगाचा रोख पाताळातून बाहेर येण्याकडे आहे. ही कथा कोऱ्या मनानं ऐकणाऱ्याला ज्वालामुखी आठवेल, आणि विद्वानांना तोच आठवत होता. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं लोणारची नोंद केली. त्यानंतर दीडशे वर्षं हे ज्वालामुखीचं मुख आहे असंच बहुतेकांचं मत होतं. १८९६ मध्ये गिल्बर्ट या अमेरिकन भूवैज्ञानिकानं लोणारचं साम्य ॲरिझोनातल्या विवराशी दाखवलं. पण त्याला ते विवरही वाफेच्या स्फोटाचंच वाटत होतं. १९७३ मध्ये इथल्या दगडांत मॅस्केलिनाइट सापडल्याचं प्रसिद्ध झालं. स्फटिकाला प्रचंड दाबाचा धक्का बसल्यावर तयार होणारी ही काच आहे, आणि तेव्हा कुठे उल्केवर शिक्कामोर्तब झालं. १९७३ च्या आधी एखाद्या पंडितानं, पुराणिकानं, हरदासानं लवणासुराला उल्का म्हटल्याचं कुणी दाखवावं. उत्तर कळल्यावर गणित सोडवून दाखवण्यात कसली आली हुशारी?

तिसरी अडचण म्हणजे लवणासुर दोन आहेत. रामायणाच्या उत्तरकांडातला लवणासुर मधुवनात, म्हणजे मथुरेकडे, आणि त्याला मारणारा शत्रुघ्न. कथा घडलेल्या घटनेचं वार्तांकन असेल तर दोघांतला खरा कोण ते ठरवावं लागेल. कौंडण्यपूरचंही तसंच. वर्धेकाठचं हे गाव रुक्मिणीचं माहेर, तिथली पालखी पंढरपूरला जाते. पण पार अरुणाचलातले लोकही तिच्या वडिलांची, भीष्मकाची, राजधानी आपल्याकडे होती असं सांगतात. आता काय, मोजणी अधिकारी बोलावून सात-बारा काढायचा? कथा म्हणून पाहिलं तर दोन्ही ठिकाणी ती सुखानं नांदते. भांडण लागतं ते तिला तारीख आणि गट नंबर चिकटवल्यावर.

इथवर वाचून टपरीवरचे गुरुजी खूश झाले असतील, म्हणून आता त्यांच्याकडे वळतो. त्यांचाही मुद्दा हलका नाही. दंतकथा शाळेत इतिहास म्हणून शिकवल्या तर मुलांची पुरावा मागण्याची सवय मरते, हे खरं. तीर्थमाहात्म्यं बरीचशी पुजाऱ्यांच्या दक्षिणेसाठी रचली गेली, हेही खरं. पण मग त्याच धाग्यानं पुढे का जात नाही? दक्षिणेसाठी रचली असतील तर ती अर्थव्यवहाराची कागदपत्रं झाली ना? अकबराच्या काळातल्या आइन-इ-अकबरी या ग्रंथात मेहकर सरकारातल्या (सरकार म्हणजे तेव्हाचा जिल्हा) लोणारचा उल्लेख आहे. ब्राह्मण या जागेला विष्णुगया म्हणतात असं तिथे लिहिलंय, आणि लगोलग काच व साबणासाठी लागणारा माल इथे मिळतो, त्यातून सरकारला चांगला महसूल येतो, हेही लिहिलंय. मोगलांच्या लेखनिकाला तीर्थ आणि खार एकाच नोंदीत लिहावेसे वाटले. आपण मात्र देवळाची चर्चा एकीकडे आणि तळ्याची दुसरीकडे करतो.

त्या खाराला लोणारात प्रतीप्रमाणे नावं होती: दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. उन्हाळ्यात पाणी आटलं की लोक चिखलात उतरून तो काढायचे. बांगड्यांच्या काचेला, साबणाला, कापडाचा रंग पक्का करायला तो लागायचा. खाण्याच्या मिठापेक्षा त्यात सोडाच जास्त. आता कथेकडे पुन्हा बघा. खार हा मेलेल्या असुराचा देह आहे. म्हणजे ज्या मालावर गावाचं पोट चाललं तो देवानं मिळवून दिलेला, पण तरी थोडा अपवित्र, जपून हाताळायचा. खारानं हातपाय फुटणाऱ्या माणसाला असुर कोण हे समजावून सांगावं लागत नसेल. आणि त्याच विवराच्या काठावर गोमुखातून गोड पाण्याची धार पडते, तिला लोक काशीची गंगा मानतात. वरती गोडं, खालती खारं, दोघांमध्ये फार तर एका उताराचं अंतर. हे कोडं रोज डोळ्यांसमोर असलेल्या माणसांनी एक देव आणि एक असुर कल्पून ते सोडवलं. मला हे उत्तर ओढूनताणून बसवलेल्या उल्केपेक्षा किती तरी श्रीमंत वाटतं.

आणि त्या बहिणी! वादात त्यांचं नावही कुणी घेत नाही. उल्केला बहिणी नसतात, त्यामुळे विज्ञानवाल्या कीर्तनात त्या गाळाव्याच लागतात. गुरुजींना तर सगळीच कथा गाळायची आहे. पण कथेतली सगळ्यात अस्वस्थ करणारी जागा तीच आहे. देव जिंकतो तो शस्त्राच्या बळावर नव्हे, दोन बायकांच्या विश्वासावर. त्यांचं पुढे काय झालं? मला ज्यांच्याकडून ही कथा ऐकायला मिळाली त्यांत म्हाताऱ्या बायकाच जास्त, आणि भावाची जागा सांगितली इथवर आल्यावर त्यांतल्या एकीनं हातातलं सूप थांबवून "मंग पोरीयले काय भेटलं बाप्पा?" असं मलाच विचारलं होतं. हजार वर्षं एखादी जागा पवित्र ठेवणारी कथा देवालाही असा प्रश्न विचारायची मुभा देते. ती मुभा आपण उल्केच्या हौसेपायी घालवतोय.

"मग आमच्या पोरायनं अभिमान कशाचा बाळगायचा? पूर्वजायले काईच समजत नव्हतं काय?" हा प्रश्न मला तोंडावर विचारला गेलाय, आणि तो प्रामाणिक आहे. विदर्भाला इतिहासाच्या पुस्तकात आधीच जागा कमी, त्यात ही टाळीची जागाही कुणी काढून घेतली तर राग येणारच. उत्तर देवळातच आहे. दैत्यसूदनाच्या मंडपात उन्हातून शिरलात की आधी काहीच दिसत नाही, नुसता वटवाघळांचा वास. डोळे सरावले की डोक्यावरच्या दगडी पटांवरून हळूहळू आकृत्या उलगडायला लागतात. बाहेरची भिंत सरळ चालतच नाही. कोन बाहेर, कोन आत, पुन्हा बाहेर, असा ताऱ्यासारखा आराखडा. इतके कोन सांभाळत थरावर थर चढवायचे आणि वजन तोलायचं, हे ज्यांनी केलं त्यांना पुष्कळ समजत होतं. मे महिन्याच्या मध्याला सूर्य इथे जवळपास डोक्यावर येतो, तेव्हा त्याची किरणं गर्भगृहातल्या मूर्तीवर उतरतात. आजची मूर्ती नागपूरकर भोसल्यांच्या काळातली मानली जाते, तेव्हा किरणं याच मूर्तीसाठी योजली होती असं म्हणता येणार नाही. पण दार, मंडप आणि गाभारा एका रेषेत कुणी ठेवले? सूर्याचा वर्षभराचा प्रवास डोळ्यांनी मोजलेल्या गवंड्यांनी. हे ज्ञान सिद्ध करायला पुराणातला श्लोक पिळावा लागत नाही, मे महिन्यात जाऊन उभं राहिलं की झालं.

यावर काही अभ्यासक लगेच म्हणतात, किरणं पडतात म्हणजे हे मूळ सूर्यमंदिर. कुणी आणखी मागे जाऊन तिसऱ्याच पंथाचं ठरवतात. असेलही. पण "मूळ कुणाचं" हा प्रश्न आपण मालकीहक्काचा दावा लावल्यासारखा विचारतो. इथे तर एका विवरात आणि त्याच्या काठावर विष्णू, कमळजा देवी, वाघ महादेव, रामगया, निजलेला मोठा मारुती असा सगळा मेळा आहे. महानुभावांच्या लीळाचरित्रातही लोणार येतं. शतकानुशतकं ज्याला जे तीर्थ हवं ते त्यानं इथे मांडलं. जाता जाता: मोठ्या मारुतीचा दगड चुंबकीय आहे, म्हणून तो उल्केचाच तुकडा, हे गाईडचं आवडतं वाक्य. आपल्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट असतंच. बोटभर लोहचुंबक घेऊन आपल्या गावच्या विहिरीच्या कडेला लावून बघा, मग बोलू.

गुरुजींचा एक शेवटचा आक्षेप उरतो, आणि तो सगळ्यात वजनदार आहे: भक्तीनंच इतिहास झाकला जातो. तेल, शेंदूर, चुना, ऑइलपेंट यांनी किती कोरीव काम बुजलं ते गावोगाव दिसतं. रामटेकचं उदाहरण घ्या. तिथल्या केवल नरसिंहाच्या देवळात वाकाटकांच्या काळचा शिलालेख भिंतीवरच्या लेपाखाली दडून होता. १९८० च्या दशकात लेप निघाला तेव्हा तो उजेडात आला. प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट चंद्रगुप्त दुसऱ्याची मुलगी आणि वाकाटकांची राणी. रिद्धपूरच्या ताम्रपटात ती रामगिरीच्या, म्हणजे रामटेकच्या, स्वामीच्या चरणांपाशी दान देताना दिसते. आणि रामटेकच्या या लेखातून तिच्या नावानं विष्णूचं देऊळ उभारल्याचं कळलं. विदर्भाच्या इतिहासातलं एवढं मोठं पान चुन्याखाली पडून राहिलं. मान्य. पण दीड हजार वर्षं ती भिंत उभी कशामुळे राहिली? नरसिंहाची पूजा अखंड चालू होती म्हणून. पूजा बंद पडलेल्या किती देवळांचे दगड आपल्या विहिरींत, गढीत, कुंपणात गेले ते आठवा. ज्या हातांनी लेख झाकला त्याच हातांनी भिंतही सांभाळली.

मेहकरचं उदाहरण याहून जवळचं. १८८८ मध्ये तिथे जमिनीखालून शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणाची मूर्ती निघाली, उंची सुमारे अकरा फूट. इंग्रज ती विलायतेला नेतील या धास्तीनं गावकऱ्यांनी घाईनं प्रतिष्ठापना करून टाकली, असं आजही सांगतात. पूजा सुरू झालेला देव उचलून नेणं सरकारलाही जड जातं, हा हिशेब त्या माणसांना पक्का कळला होता. तिथेही एक असुर आहे, मेघंकर, आणि त्याला मारणारा शार्ङ्गधर विष्णू. ती कथा गावाच्या ओठावर नसती तर खोदकामात निघालेला तो दगड कोण आहे हे एका दिवसात कुणी ओळखलं असतं? मूर्ती वाचवायला गावाच्या हाताशी कायदा नव्हता, वस्तुसंग्रहालय नव्हतं. होती ती कथा. तिला कचरा म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

वाद चालू आहे तोवर तिकडे काय होतंय? लोणारला २०२० मध्ये रामसर पाणथळ म्हणून आंतरराष्ट्रीय मान मिळाला. तळ्याच्या संवर्धनासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वर्षानुवर्षं याचिका चालू आहे. सांडपाणी, वेडी बाभूळ, वाढणारं पाणी, विवरातली ढासळणारी देवळं, सगळं कागदावर आहे. कागदावर नाही ती दल्ला-खुप्पल-भुस्कीची पारख असणारी पिढी, कारण ती संपत आली. कथेचे गावोगावचे पाठ नाहीत, बहिणींची नावं नाहीत, झाकण कुठे पडलं याबद्दलची गावागावांची भांडणं नाहीत. उल्केची चर्चा जगभरच्या विद्यापीठांत होईलच, तिला आपल्या सप्ताहाची गरज नाही. या दुसऱ्या गोष्टी मात्र इथल्या लोकांनी लिहून घेतल्या नाहीत तर बाहेरून कुणी येणार नाही. प्रत्येक गावच्या शाळेनं आपल्या म्हाताऱ्यांकडून ही कथा जशी ऐकू येईल तशी उतरवून घ्यावी, न सुधारता. कीर्तनकारांनी ती पूर्ण सांगावी, बहिणींसकट. आणि उल्केबद्दल बोलायचंच असेल तर १९७३ चा शोध ज्यांनी लावला त्यांना त्याचं श्रेय द्यावं.

देवळापाशी एक पाटीही हवी. पुरातत्त्व खात्याच्या नेहमीच्या निळ्या पाटीवर काय असतं ते सगळ्यांना पाठ आहे: हे स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचं आहे, नुकसान केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. तिच्या शेजारी दुसरी पाटी लावावी, मराठीत. एका अंगाला कथा, सांगतात तशी. दुसऱ्या अंगाला १८२३, १८९६ आणि १९७३, वयाचे दोन्ही आकडे, आणि खाराच्या प्रतींची नावं. दोन्हींमध्ये एक उभी रेघ ओढावी आणि ती रेघ ओलांडायचं काम पाटी लिहिणाऱ्यानं करू नये; ते वाचणाऱ्यावर सोडावं. यावर खात्याचं उत्तर बहुधा निधी नाही असं येईल. आमच्याकडे प्रत्येक सप्ताहाच्या फ्लेक्सवर पन्नास-साठ चेहरे छापायला पैसे जमतात, तेव्हा वर्गणीसाठी कुठे जायचं हे मी सांगू शकतो.